पाळक फ्रीडरिख फॉन बोडेलश्विंग व बेथेल येथील लेकरे

गेल्या पावसाळ्यात आम्हांस मंडळीतील एका घरी बोलावणे आले. घरातील नऊ-दहा वर्षांच्या मुलाचे स्नायू दिवसेंदिवस क्षीण होत चालले होते. चालणे केव्हाच सुटले होते, आता हातही नीट उचलत नव्हता. शहरातील डॉक्टरांनी ह्या रोगास औषध नाही असे स्पष्ट सांगून त्यास घरी पाठविले होते. आम्ही खाटेपाशी बसलो, शास्त्रातील एक अध्याय वाचला, प्रार्थना केली, आणि दुसऱ्या गावी उपासना असल्याचे सांगून उठलो. मुलाची आई आम्हांस पोहोचवावयास अंगणापर्यंत आली. तिने कुरकुर केली नाही. एवढेच म्हणाली की, येणारे सर्वजण प्रार्थना करितात व लगेच जातात. बसत कोणी नाही. दुसऱ्या गावची उपासना सायंकाळी सहा वाजता होती आणि तेव्हा तीनही वाजले नव्हते, हे आम्हांस ठाऊक होते. बहुधा तिलाही ठाऊक असावे.

त्या दिवसापासून एका जर्मन पाळकाचे चरित्र आम्ही पुन्हा काढून वाचीत आहो. सेमिनरीत असताना आम्ही त्यांचे नाव मोठमोठ्या संस्थांचे संस्थापक म्हणून पाठ केले होते. परंतु त्या संस्थांच्या मुळाशी चार लहान मुलांच्या खाटा आहेत, ही गोष्ट तेव्हा आमच्या मनावर ठसली नव्हती. उपदेशक बंधूंस व मंडळीतील आईबापांस ते चरित्र ठाऊक असावे म्हणून येथे सांगतो.

फ्रीडरिख फॉन बोडेलश्विंग ह्यांचा जन्म 6 मार्च 1831 रोजी जर्मनीच्या वेस्टफालिया प्रांतात टेक्लेनबुर्ग गावाजवळ झाला. घराणे सरदारांचे होते व वडील प्रशियाच्या राजाचे मंत्री होते. राजपुत्र फ्रीडरिख, जे पुढे 1888 साली थोडे दिवस जर्मनीचे बादशहा झाले, ते बालपणी ह्यांचे खेळगडी होते. अशा घरच्या मुलास सरकारी मोठा हुद्दा मिळणे कठीण नव्हते. पण ह्या तरुणाने शेतकीचे शिक्षण घेतले आणि पोमेरानिया प्रांतात एका मोठ्या जमिनीचा कारभार पाहू लागले. तेथील मजुरांच्या मुलांस ते धार्मिक पत्रके वाटीत असत. एके दिवशी त्यांतीलच एक पत्रक त्यांनी स्वतः वाचले. त्यात एका गरीब चिनी मुलाची गोष्ट होती. ती वाचून आपण मिशनरी व्हावे असा त्यांनी निश्चय केला. दुसऱ्यांस वाटण्याकरिता आणलेले पत्रक वाटणाऱ्यालाच लागू पडले! आमच्या उपदेशक बंधूंनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पत्रके वाटणारे पुष्कळ आहेत, पण आपली पत्रके स्वतः वाचणारे फार थोडे.

1854 साली ते स्वित्झर्लंडातील बासेल येथे ईश्वरविज्ञान शिकावयास गेले. बासेल मिशनचे नाव आपणांकडे नवे नाही. ह्याच मिशनने 1865 साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढिला आणि कोकणातील कितीतरी घरे मंगळुरी कौलांनी शाकारली गेली. बोडेलश्विंग ह्यांस परदेशी जावयाचे होते. ते कधी घडले नाही. शिक्षण संपल्यावर 1858 साली ते गेले ते पॅरिस शहरी.

त्या काळी पॅरिसमध्ये हजारो गरीब जर्मन लोक पोटासाठी येऊन राहिले होते. हेसन प्रांतातून आलेली कुटुंबेच्या कुटुंबे भल्या पहाटे रस्ते झाडीत, तर कित्येकजण चिंध्या गोळा करीत. त्यांची मुले वाऱ्यावर होती. शहराच्या कडेस ला व्हिलेत भागात एका टेकडीवर बोडेलश्विंग ह्यांनी त्यांच्याकरिता शाळा व साधेसे उपासनामंदिर उभारिले. मंत्र्याचा पुत्र झाडूवाल्यांचा पाळक झाला, ह्याचे पुष्कळांस नवल वाटले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या हाती गावाने झाडू दिला होता, अशा आमच्या वाचकांस त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

1861 साली त्यांनी आपली चुलत बहीण इदा हिच्याशी विवाह केला. त्या देशी व त्या घराण्यांत तशी चाल होती. पहिल्या बाळंतपणानंतर इदाबाईंस मनाच्या खिन्नतेचा कठीण आजार जडला. पॅरिसची गर्दी व दगदग त्यांस सोसेना. म्हणून 1864 साली हे कुटुंब वेस्टफालियात ऊना गावाजवळील डेल्विग ह्या खेड्यात आले व तेथील लहानशा मंडळीची पाळकी त्यांनी पत्करिली. येथे त्यांचे घर भरले. एर्न्स्ट, एलिझाबेथ, फ्रीडरिख व कार्ल अशी चार मुले अंगणात खेळू लागली. आईचे मनही पुष्कळ सुधारले.

1869 सालच्या जानेवारीत त्या घरात खोकल्याचा रोग शिरला. आपण ज्यास डांग्या खोकला म्हणतो तोच हा, ज्यात लेकराचा श्वास कोंडतो, चेहरा निळा पडतो आणि आईस काही करिता येत नाही. आज त्यावर बाळांस सरकारी दवाखान्यात फुकट लस टोचितात. ज्यांनी टोचविली नसेल त्यांनी हे वाचून होताच आरोग्यसेविकेकडे जावे. त्या काळी लस नव्हती, आणि रोगाचे जंतू कोणते हेही 1906 सालापर्यंत कोणास कळले नव्हते. मुलांच्या छातीत रोग उतरला. एक मूल गेले. मग दुसरे. दोन आठवड्यांच्या आत चारही मुले गेली. जानेवारी सरण्यापूर्वी डेल्विगच्या पाळकाचे घर, जे महिन्याच्या आरंभी लेकरांनी भरलेले होते, ते रिकामे झाले.

आम्ही ह्या ठिकाणी थोडे थांबू इच्छितो. पाळकाच्या घरी असे घडले म्हणजे मंडळी काय म्हणते, हे आम्हांस चांगले ठाऊक आहे. कोणी म्हणतो, विश्वासात उणे असेल. कोणी हळूच म्हणतो, काही गुप्त पाप असेल. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी प्रभूस हाच प्रश्न विचारिला होता, व प्रभूने तो प्रश्नच बाजूस सारिला होता. तरी आमच्या मंडळ्यांत तो अद्याप दर वर्षी नव्याने विचारला जातो. इयोबाचे मित्र पहिले सात दिवस काही न बोलता त्याजजवळ भुईवर बसले, तेवढेच त्यांनी बरोबर केले. तोंड उघडले आणि बिघडविले.

बोडेलश्विंग ह्यांनी ह्या दुःखाचा उलगडा करण्याचा आव आणिला नाही. त्यांनी आपल्या चार मुलांच्या जीवनाविषयी व मरणाविषयी एक लहान पुस्तक लिहिले. आजाऱ्याच्या खाटेपाशी बसलेला बाप जे पाहतो ते त्यात आहे. मुले प्रभूजवळ आहेत ही त्यांची आशा दृढ होती, पण आशा आहे म्हणून डोळ्यांत पाणी येऊ नये असे त्यांनी कोठेही शिकविले नाही. पुढे वृद्धपणी ते सांगत की, देव मनुष्याशी किती कठोर होऊ शकतो हे आपणांस त्या वेळी प्रथम कळले, आणि त्यामुळेच आपण इतरांविषयी दयाळू झालो. एका पाळकाने असे बोलणे पुष्कळांस धाडसाचे वाटेल. आम्हांस ते स्तोत्रकर्त्यांच्या आक्रोशाहून निराळे वाटत नाही.

त्याच वर्षी त्यांस पुन्हा एक पुत्र झाला, आणि पुढील वर्षांत आणखी दोन पुत्र व एक कन्या झाली. ह्यावरून कोणी असे म्हणू नये की, देवाने गेलेले परत भरून दिले. इयोबालाही दुसरी मुले झाली. पहिली दहा त्यामुळे परत आली नाहीत. चार खाटा रिकाम्या झालेल्या घरातील आईस, बाई, देव तुला दुसरे देईल, असे सांगणाऱ्या मनुष्याने प्रथम आपल्या एका मुलाकडे पाहावे व मग बोलावे.

1872 सालच्या जानेवारीत, म्हणजे त्या दुःखास तीन वर्षे होत असता, बोडेलश्विंग बीलेफेल्ड शहराजवळ एका संस्थेचे प्रमुख होऊन गेले. 1867 साली तेथे अपस्माराच्या रोग्यांसाठी, म्हणजे ज्यांस फेफरे किंवा मिरगी येते त्यांच्यासाठी, एका शेतघरात आश्रम उघडण्यात आला होता. त्या पहिल्या घराचे नाव एबन-एजर. त्यात थोडेसेच रोगी होते. जवळच 1869 साली सेविका भगिनींचे घर स्थापन झाले होते, त्याचे नाव सारफथ. ज्या गावी एका विधवेचे मूल मेले व संदेष्ट्याने त्यास आपल्या उराशी धरून माडीवर नेले, ते हे सारफथ. त्या साऱ्या वसाहतीस बेथेल, म्हणजे देवाचे घर, हे नाव मिळाले. उशाला धोंडा घेऊन निजलेल्या याकोबास जेथे स्वर्गाची शिडी दिसली, ते नाव धोंड्यावर निजणाऱ्यांच्याच वसाहतीस शोभते.

फेफरे येणाऱ्या मुलाची दशा त्या काळच्या जर्मनीत आमच्या खेड्यांतल्याहून फार निराळी नव्हती. भूतबाधा, शाप, अंगाला लागणारा रोग, असे नाना तर्क लोक करीत. शाळा अशा मुलास घेत नसे. घरचे लोक लाजेने त्यास मागल्या खोलीत ठेवीत. औषध म्हणावे तर 1857 सालापासून ब्रोमाइड नावाचा क्षार देऊ लागले होते. त्याने काहींचे झटके कमी होत, पण गुंगी व मंदपणा येई. ह्याहून बरे औषध 1912 साली निघाले, ते बोडेलश्विंग ह्यांनी पाहिले नाही. आज दहांतील सात रोग्यांचे झटके नियमित औषधाने आवरता येतात. तेव्हा कांदा हुंगविणे, जोडा नाकाशी धरणे व दात उघडण्यासाठी तोंडात चमचा घालणे ह्या चाली आमच्या वाचकांनी सोडाव्या. मुलास कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ द्यावे, झटका ओसरेपर्यंत शेजारी राहावे, तो पाच मिनिटांत थांबला नाही तर तातडीने दवाखान्यात न्यावे, आणि एरवीही डॉक्टरास दाखवून औषध चालू ठेवावे. शुभवर्तमानात एका बापाने असाच मुलगा प्रभूकडे आणिला होता. शिष्यांचा तेथे काही इलाज चालला नाही. प्रभूने बापास आधी काय विचारिले? हे ह्याला केव्हापासून होते, असे. प्रथम त्याने बापाचे ऐकून घेतले.

बेथेल येथे आलेली कित्येक मुले बरी होण्याजोगी नव्हती. काहींच्या बुद्धीची वाढ खुंटली होती, काही वारंवार येणाऱ्या झटक्यांनी थोड्याच वर्षांत मरावयाची होती. बोडेलश्विंग ह्यांनी हे लपविले नाही. बरे करणे आपल्या हाती नसेल तेथे आपले काम संपले, असे मात्र त्यांनी मानिले नाही. मोठे रुग्णालय बांधून शेकडो खाटा ओळीने मांडण्याऐवजी त्यांनी निरनिराळी लहान घरे बांधिली. प्रत्येक घराला शास्त्रातले नाव दिले, आणि पुष्कळ घरांत एक सेवक बंधू व त्याची पत्नी ह्यांस आईबाप म्हणून ठेविले. ज्या मुलाचे घर दूर राहिले त्यास येथे घर मिळावे हा हेतू. अशा बंधूंना तयार करण्यासाठी 1877 साली नासरेथ नावाचा आश्रम निघाला. सेविका भगिनींची संख्या तर शेकड्यांनी वाढली. 1836 साली फ्लीडनर पाळकांनी कैसर्सवेर्थ येथे सेविकांचे जे कार्य आरंभिले, व जेथे 1851 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई शिकावयास राहिल्या, त्याच कार्याची ही फांदी होय.

दुसरी गोष्ट कामाची. ज्याच्याने जे होईल ते काम त्याने करावे, हा बेथेलचा नियम होता. शेत, बाग, सुतारकी, पुस्तकबांधणी, असे नाना उद्योग तेथे निघाले. ज्यास दिवसातून अर्धा तासच बसवते त्याला अर्ध्या तासाचे काम. आपण कोणाच्या तरी उपयोगी आहो, हे कळल्यावाचून मनुष्याचे मन जगत नाही, मग तो आठ वर्षांचा का असेना. आमच्या घरांत आजारी मुलास मायेने सर्व कामांतून काढून टाकितात, आणि त्यास वाटते की आपण आताच मेलो. त्याला शेंगा सोलू द्याव्या. एका तासात पाचच सोलील, सोलू द्यावा.

तिसरी गोष्ट उपासनेची. 1884 साली बेथेल येथे सियोन मंदिराची प्रतिष्ठा झाली. उपासना चालू असता कोणास झटका आला तर त्यामुळे उपासनेचा भंग झाला असे तेथे कोणी मानीत नसे. शेजारचे त्यास सांभाळीत व गायन पुढे चाले. आमच्याकडे लहान मूल रडले तरी आईला बाहेर जाण्याची खूण होते, आणि अपंग लेकराची आई तर लाजून वर्षानुवर्षे मंदिरात येतच नाही. आमच्या स्वतःच्या मंडळीत अशा दोन माता आहेत. आम्ही पाच वर्षे त्यांस गैरहजर म्हणून मोजीत होतो.

ह्या सर्वांस पैसा कोठून आला? बोडेलश्विंग ह्यांच्या राजघराण्याशी असलेल्या ओळखीचा उपयोग झाला ह्यात शंका नाही, परंतु बेथेल मुख्यत्वे गरिबांच्या पैपैशावर उभे राहिले. ते देशभर पत्रे पाठवीत, लहान देणगीचेही आभार मानीत. 1890 च्या सुमारास त्यांनी उरल्यासुरल्या वस्तू गोळा करण्याचे काम काढिले: जुने कपडे, मोडके सामान, जे घरात पडून आहे ते. पाच हजारांच्या भोजनानंतर उरलेले तुकडे गोळा करण्यास प्रभूने सांगितले होते, त्यावरून ही कल्पना. आमच्या भगिनी स्वयंपाकापूर्वी मूठभर धान्य प्रभूसाठी बाजूस काढितात, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

त्यांची इतर कामे येथे थोडक्यातच सांगतो. बेकार भटकणाऱ्या लोकांसाठी 1882 साली त्यांनी विल्हेल्म्सडॉर्फ ही श्रमाची वसाहत काढिली, कामगारांस घरे मिळवून देण्याची खटपट केली, 1905 साली बेथेल येथे ईश्वरविज्ञानाची शाळा स्थापिली, आणि प्रशियाच्या विधिमंडळात निवडून जाऊन 1907 साली फिरत्या बेकारांसाठी कायदा करविला. पूर्व आफ्रिकेतील मिशनकार्यही त्यांनी अंगावर घेतले. हे शेवटचे कार्य जर्मन वसाहतीच्या राज्यकारभारास जोडलेले होते, आणि बोडेलश्विंग हे आपल्या राजाचे व आपल्या दर्जाचे पूर्ण भक्त होते. ज्यांच्यावर राज्य चालते त्यांस ते कसे वाटते हा विचार त्यांच्या मनात फारसा आलेला दिसत नाही. आम्हांस ही त्यांची उणीव वाटते, व संतांच्या उणिवा झाकाव्या असे शास्त्रही सांगत नाही.

इदाबाई 1894 साली वारल्या. बोडेलश्विंग ह्यांनी 2 एप्रिल 1910 रोजी बेथेल येथे देह ठेविला. त्यांच्यामागे त्यांचे धाकटे पुत्र, त्यांचेही नाव फ्रीडरिखच, प्रमुख झाले. 1869 साली गेलेल्या एका भावाचे नाव ह्या मुलास मिळाले होते.

ह्या पुत्राच्या काळी बेथेलवर जी वेळ आली ती सांगितल्यावाचून बापाचे चरित्र पुरे होत नाही. हिटलरचे राज्य आले. 1933 साली झालेल्या कायद्याने अपस्मार व इतर रोग असलेल्यांस मूल होऊ नये म्हणून सक्तीने शस्त्रक्रिया करीत. बेथेलने त्यास विरोध केला नाही, आणि तेथील शेकडो रोग्यांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. हा त्या घरावरील डाग आहे. पुढे 1939 सालापासून अपंग बालकांस, व पाठोपाठ मोठ्या रोग्यांसही, निरुपयोगी म्हणून गुप्तपणे मारण्याचे काम सरकारने आरंभिले. 1940 व 1941 ह्या दोन वर्षांत विषारी वायूने सत्तर हजारांवर माणसे मारिली गेली. रोग्यांची माहिती भरून मागणारे कागद बेथेलला आले तेव्हा धाकट्या बोडेलश्विंग ह्यांनी ते भरून देण्याचे नाकारिले, आणि ब्राउने नावाच्या पाळकाबरोबर मंत्र्यांकडे व अधिकाऱ्यांकडे खेटे घातले. ब्राउने ह्यांस 1940 साली अटक झाली. बेथेलमधील यहुदी रोगी मात्र वाचले नाहीत; 1940 साली त्यांतील काहींस तेथून नेऊन मारण्यात आले. इतर रोग्यांपैकी बहुतेक वाचले.

मरणास टेकलेल्या मुलांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी स्वतंत्र घर असावे, ही कल्पना अलीकडची. असे पहिले घर इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे 1982 साली अँग्लिकन पंथाच्या एका भगिनीने उघडिले. एका आजारी मुलीच्या आईबापांशी तिचा स्नेह जडला होता, आणि त्यांस थोडी विश्रांती मिळावी म्हणून ती त्या मुलीस अधूनमधून आपल्याकडे ठेवून घेई. त्यातून हे कार्य निघाले. अशा घरांत मूल केवळ शेवटच्या दिवसांसाठी जात नाही. रोग कळल्यापासून वर्षातून काही दिवस ते तेथे राहते. वेदना व श्वासाचा त्रास कमी करण्याचे उपाय तेथे होतात, रात्रीची जागरणे दुसरे करितात, आणि आई कित्येक महिन्यांनी एक रात्र सलग झोपते. मूल गेल्यावरही घरच्यांशी संबंध तोडीत नाहीत.

2012 साली बेथेल येथेही मुलांसाठी असे घर उघडले. डेल्विगच्या त्या जानेवारीस तेव्हा 143 वर्षे झाली होती. तेथे एका वेळी दहा मुलांची सोय आहे, आणि आईबाप व भावंडे ह्यांसही मुलाजवळ राहता येते.

आमच्या तालुक्यात असे घर नाही. तो मुलगा अद्याप आहे. दर गुरुवारी दुपारी आम्ही तेथे जातो व आई शेतावरून येईपर्यंत बसतो. तो शेंगा सोलतो. गेल्या गुरुवारी त्याने अकरा सोलल्या आणि आम्ही सोललेल्या मोजून, आमच्या कमी भरल्या म्हणून हसला.